हे कुणाचं?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ताटात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. वय शहाऐंशी. तांदूळ बंद पिशवीतले, त्यात निवडण्यासारखं काही नसतं. पण रविवारी सकाळी तांदूळ निवडायचे हा त्यांचा नेम आहे आणि आमच्यापैकी कुणी तो मोडायला जात नाही. दुसऱ्या टोकाला मुक्तानं गुजराती पेपर पसरला, पिशवीतून कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि अलगद त्यावर ठेवलं. लहान मुलाचा खालचा जबडा. दातांसकट. मळकट पिवळा रंग, एका कडेला भेग. आईंचा हात ताटातच थांबला.

"हे कुणाचं?"

"डिपार्टमेंटचं, आजी. आठ दिवसांनी परत द्यायचंय."

"ते नव्हे गं. कुणाचं आहे?"

"निअँडर्थलचं."

आईंनी क्षणभर विचार केला. "असेल. हल्ली काय काय आडनावं ऐकू येतात. कुठले म्हणे हे?"

"उझबेकिस्तानचे," मुक्ता कशीबशी म्हणाली आणि मग तिला आणि मला दोघींनाही हसू आवरेना. मुक्ता माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. ते असतात भरुचला, ही एम. ए. साठी आमच्याकडे राहते, विद्यापीठात पुरातत्त्व शिकते. हसणं ओसरल्यावर तिनं आजीला नीट समजावलं की निअँडर्थल हे आडनाव नाही, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेली माणसाची एक प्रजात आहे, आणि हा खरा जबडा नाही, प्लास्टरचा आहे, मुलांना अभ्यासाला साचे देतात, घाबरण्यासारखं काही नाही. आई म्हणाल्या, "मी कुठं घाबरले? प्लास्टरचं असेल, पण कुणाच्या तरी तोंडावरूनच उतरवलंय ना?" आणि ताट उचलून आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. तांदूळ त्यांनी तीनदा तरी धुतले असावेत.

मीही तेव्हा हसलेच. पण रात्री दिवा मालवल्यावर तो प्रश्न दातात अडकलेल्या शेवग्याच्या शिरेसारखा छळायला लागला. जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जात होती.

"कुणाची गं तू?" हे वाक्य माझ्या पिढीतल्या बडोद्याच्या कुठल्याही मराठी मुलीनं हजारदा ऐकलेलं असणार. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यासमोरून शाळेत जाताना ओट्यावर बसलेली कुणीही म्हातारी हटकायची. नाव सांगून भागत नसे. नाव ऐकून त्या नुसत्या "बरं" म्हणायच्या आणि उत्तराची वाट बघत राहायच्या. मग वडिलांचं नाव, मग आजोबांचं, मग "म्हणजे खासगीत कारकून होते ते का?" आणि तिथं कुठंतरी धागा लागला की चेहरा मोकळा व्हायचा. गायकवाडांबरोबर आणि त्यांच्यामागून इकडे आलेली ही घरं. आजूबाजूला सगळी गुजराती वस्ती, घरात वरण-भात, बाहेर सेव-उसळ. आपण कोण हे एकमेकांना विचारत राहणं हा आमच्या लोकांचा एक उद्योगच होता. आईंनी त्या जबड्याला विचारलेला प्रश्न त्याच जातीचा होता. त्यांना काळ नको होता, जातकुळी हवी होती. मुक्तानं त्यांना मालकी सांगितली, मग प्रजात सांगितली, मग देश सांगितला. तिन्ही उत्तरं बरोबर होती आणि तिन्ही उपयोगाची नव्हती.

आईंसारखीच माझी आजी होती. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आम्हाला दरवर्षी सुट्टीत नेलं जायचं. देवमाशाच्या सांगाड्याशी आम्ही खुशाल पळापळी करायचो. एवढं मोठं धूड, ते कुणाचंच नव्हतं. पण इजिप्तच्या ममीच्या काचेपाशी आलं की आजी पदर नाकाला लावून लांब उभी राहायची, आणि घरी आल्यावर आम्हाला थेट मोरीत. डोक्यावरून पाणी. "अगं, ती हजारो वर्षांपूर्वीची आहे," आजोबा म्हणायचे. आजीचं म्हणणं, "म्हणून काय झालं? मेलेलं माणूस ते मेलेलंच." तेव्हा मला आजी अडाणी वाटायची. आता वाटतं, काचेआड ठेवलेल्या त्या बाईला माणूस समजून वागलेली आमच्यातली ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मुक्तानं मला पकडलं. "काकू, तू सांग वय. मी काही बोलणार नाही." मी तीस वर्षं रावपुऱ्यात दातांचा दवाखाना चालवते, लहान मुलांची तोंडं रोज बघते. जबडा हातात घेतला आणि सवयीनं अंगठा हनुवटीखाली गेला. मूल खुर्चीत चुळबुळ करायला लागलं की आम्ही हनुवटी अशीच धरतो. अंगठा घसरला. धरायला हनुवटीच नव्हती. हाड पुढून सरळ खाली उतरून मागं वळलेलं. वाचून माहीत असणं वेगळं आणि अंगठ्याला कळणं वेगळं. अंगावर बारीकसा काटा आला, खोटं कशाला सांगू.

पण त्याच्या वरचा सगळा मुलूख ओळखीचा होता. पटाशीचे चारही दात पक्के. दोन्ही बाजूंना पहिली पक्की दाढ आलेली. मधे सुळे आणि त्यांच्यामागच्या दोन-दोन दाढा अजून दुधाच्याच. दुसरी पक्की दाढ हाडाच्या पोटात. हे तोंड मी आठवड्यातून दहादा बघते. तिसरी-चौथीत असतं, दोन वेण्या घातलेली असते किंवा शर्टाच्या खिशाला शाईचा डाग असतो. "आठ-नऊ," मी म्हटलं. मुक्तानं टाळी वाजवली. तेशिक-ताशचं मूल. १९३८ साली सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ ओक्लाद्निकोव यांना उझबेकिस्तानच्या डोंगरातल्या गुहेत सापडलं. तेशिक-ताश म्हणजे भोक पडलेला दगड. कवटीचे तुकडे तुकडे झालेले होते. ते जोडून, कवट्यांवरून चेहरे घडवणाऱ्या गेरासिमोव यांनी त्याला चेहरासुद्धा दिला. आणि वय तेव्हापासून आठ-नऊच्या आसपासच सांगतात, कुणी थोडं पुढे नेतात. निअँडर्थल मुलांचे दात आपल्या मुलांपेक्षा लवकर येत की आपल्याच गतीनं, यावर अजून वाद चालू आहे, त्यामुळे माझं उत्तर म्हणजे रावपुऱ्याच्या मापानं दिलेलं उत्तर.

गुहेत त्या मुलाभोवती रानबोकडांच्या शिंगांच्या पाच-सहा जोड्या होत्या. शोधणाऱ्यांनी लगेच म्हटलं, शिंगं रोवून रिंगण केलंय, हा अंत्यविधी. नंतरच्यांनी म्हटलं, त्या गुहेत बोकडांची हाडं जिकडेतिकडे आहेत. पोराजवळ चार शिंगं पडली तर नवल काय? मुक्ता पहिल्या बाजूची, मी दुसऱ्या. मी म्हटलं, "खोदणाऱ्याला विधी हवाच असतो गं. इतकी थापी चालवल्यावर नुसती पडलेली शिंगं कुणाला परवडतात?" ती चिडली. तो मुलगा होता असंही वर्षानुवर्षं छापलं गेलं. या वयाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे धड सांगता येत नाही, तरी. आठ वर्षांच्या हाडाला कमरेचा पसरटपणा नसतो, कपाळाचा उंचवटा नसतो. कुणीतरी आधी "मुलगा" म्हटलं असेल आणि पुढच्यांनी तेच चालवलं असेल. घराघरांत चालतं तसं.

दात मात्र खोटं बोलत नाहीत असं आम्ही दातवाले म्हणतो. गुहांमध्ये सापडलेल्या माणसांचा निम्मा अभ्यास दातांवर चालतो याचं मला उगीचच समाधान वाटतं. हाडं कुरतडली जातात, विरघळतात, तरस पळवतात, एनॅमल टिकतं. आणि एनॅमल झाडाच्या खोडासारखं थराथरानं चढतं. रोजचा एक बारीक पट्टा, आणि सहा ते बारा दिवसांनी एक ठळक. हे मोजून मूल किती दिवस जगलं ते काढतात. त्यात एक रेघ जन्माची असते. पोटातून बाहेर पडण्याचा धक्का दुधाच्या दातांत उमटतो, बहुधा पहिल्या पक्क्या दाढेतही. कॉलेजात हे शिकले तेव्हा मी रात्रभर जीभ दाढेवर फिरवत पडले होते, की इथं कुठंतरी आईच्या कळा आहेत. फ्रान्समधल्या पायर इथल्या अडीच लाख वर्षांपूर्वीच्या एका निअँडर्थल मुलाचा दात कापून २०१८ साली सांगितलं गेलं की ते वसंतात जन्मलं, अडीच वर्षांचं होईतो अंगावर प्यालं, आणि लहानपणी दोनदा त्याच्या शरीरात शिसं गेलं. दोनदा! आमच्याकडे आया मुलांना घेऊन येतात, पुढच्या दातांवर आडवे चर असतात. मी विचारते, "हा दोन-अडीच वर्षांचा असताना फार आजारी होता का?" त्या अशा बघतात जशी मी पत्रिकाच मांडली.

आणि किटण. दातांवरचं ते पिवळं किटण मी रोज खरवडते, पाण्याबरोबर बेसिनमध्ये जातं, संपलं. स्पेनमधल्या एल सिद्रोन गुहेतल्या सुमारे ४९,००० वर्षांपूर्वीच्या माणसांचं किटण लोकांनी इतक्या निगुतीनं तपासलं की त्यातून कडू वनस्पतींच्या खुणा निघाल्या. एकाच्या दाताला गळू होतं, आणि त्याच्या किटणात वेदना शमवणाऱ्या झाडाचे अंश. हे वाचल्यापासून स्केलर चालवताना मला थोडं चुकल्यासारखं होतं. एखाद्याचं चाळीस वर्षांचं खाणं-पिणं, बडीशेप, तंबाखू, नवरात्रातले नऊ दिवस, सगळं मी पाच मिनिटांत गटारात सोडते आणि वर पैसे घेते. क्रोएशियातल्या क्रापिनाच्या दाढांवर काडीनं टोकरल्याचे चर आहेत, मुळाशी, अगदी जिथं आमचे पेशंट टाचणी घालतात तिथं. रागावून उपयोग नाही हे मला त्या चरांनी शिकवलं.

फ्रान्समधल्या ला शापेलच्या म्हाताऱ्याबद्दल मात्र माझं जरा वेगळं मत आहे. १९०८ साली सापडला. दाढा बहुतेक गेलेल्या, हाड भरून आलेलं, म्हणजे दात पडल्यावरही तो बराच जगला. मग कुणीतरी त्याला चावून-कुटून भरवत असणार, त्यांच्यात माया होती, असं फार गोड करून सांगतात. माया असेलही. पण माझे आजोबा कवळी खिशात ठेवून बाजरीची भाकरी खायचे. हिरडी घट्ट झाली की माणूस काय काय चघळतं ते मला विचारा. म्हाताऱ्याला दुबळा ठरवल्याशिवाय बाकीच्यांची माया सिद्ध होत नाही, ही काय रीत?

हे सगळं मुक्ताशी बोलताना मी रंगात होते. तिनं सहज विचारलं, "काकू, तू पहिल्यांदा जबडा कधी हातात घेतलास?"

आणि मला ट्रंक आठवली.

१९८४. पहिलं वर्ष. कॉलेज गुजरातमधलंच, नाव जाऊ दे. प्रत्येकीला हाडांचा संच लागायचा, तो पुढच्या वर्गातल्या मुलींकडून विकत घ्यायचा. दोनशे वीस रुपये. कवटी आणि खालचा जबडा, दोन्ही खरे. माझ्या वडिलांनी मनिऑर्डर केली, पत्रात लिहिलं, "पुस्तकांचे पैसे पाठवीत आहे." मी दुरुस्त केलं नाही. हॉस्टेलच्या लोखंडी पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेत उन्हाळ्यातल्या साड्या, त्यांच्याखाली जुन्या परकरात गुंडाळलेलं ते. परीक्षेच्या आधी मी जबडा उशाशी घेऊन झोपायचे. अंधारात बोट फिरवून नसेचं छिद्र कुठं, स्नायूचा उंचवटा कुठं ते पाठ करायचे. कवटीला मुलींनी नाव ठेवलं होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. जबड्याच्या आतल्या बाजूला काळ्या शाईत आकडा होता, ४७. नंतर कधीतरी वाचलं की या देशातून परदेशी कॉलेजांना सांगाडे जायचे आणि १९८५ साली सरकारनं ती निर्यात बंद केली. म्हणजे मी पलंगाखाली ४७ ठेवून झोपत होते त्याच दिवसांत. आम्हाला कुणी बोललं नाही. आम्हीही विचारलं नाही. चार वर्षांत एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही, हे कुणाचं?

गंमत अशी की तो जबडा मला आज या घडीला वाचता येतो. शिकत असताना मी त्याची छिद्रं आणि उंचवटे पाठ केले, माणूस वाचला नाही. पण बोटांनी ठेवून घेतलंय. डावी खालची पहिली दाढ जिवंतपणीच गेलेली. खळगा भरून गुळगुळीत झालेला आणि मागची दाढ त्या रिकाम्या जागेकडे कललेली, म्हणजे दाढ जाऊन वर्षं झाली होती. उजवीकडच्या दाढा जास्त झिजलेल्या, कारण डावीकडून चावणं सोडलेलं. अक्कलदाढा पूर्ण आलेल्या. कोन नाजूक, हाड हलकं, बाई असावी. पस्तिशीची, फार तर चाळिशीची. पुढच्या दातांवर लाल-काळा थर, मिश्री किंवा तंबाखू. त्या दाढेनं तिला किती रात्री जागवलं असेल ते मी सांगू शकते, असल्या दाढा मी हजारांनी काढल्यात. तेशिक-ताशच्या पोराला जाऊन सत्तर हजार वर्षं होत आली असावीत आणि त्याच्यावर देशोदेशीची माणसं भांडतात. माझ्या ४७ नंबरच्या बाईला मी ट्रंकेत ठेवलं तेव्हा तिला जाऊन फार तर दहा-वीस वर्षं झालेली. तिची मुलं तेव्हा माझ्याच वयाची असतील, कुठल्या तरी गावात.

मुक्ताला हे मी तेव्हा सांगितलं नाही. "फर्स्ट इयरला," एवढंच म्हटलं.

ती तिच्या सैबेरियात शिरली होती. तिथल्या देनिसोवा गुहेत हाडांचा नुसता चुरा मिळतो. दोन हजारांवर बारीक तुकडे एकेक तपासत गेल्यावर जेमतेम इंचभर लांबीचा एक माणसाचा निघाला. सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीची एक मुलगी, तेरा वर्षांची किंवा थोडी मोठी. २०१८ साली तिचं डीएनए वाचून झालं तेव्हा कळलं, आई निअँडर्थल आणि बाप देनिसोवन, म्हणजे याच गुहेवरून नाव पडलेल्या दुसऱ्या एका नामशेष मानवकुळातला. इंचभर हाडावरून आईबाप! आणि २०२२ साली त्याच भागातल्या चागिरस्काया गुहेतल्या माणसांचं वाचन झालं, त्यात एक बाप आणि त्याची किशोरवयीन मुलगी सापडली. म्हणजे कुणीतरी अखेर त्या हाडाला आईंचा प्रश्न विचारला होता, आणि उत्तरही आलं होतं: ह्याची. मुक्ता सांगत होती, त्या वस्तीतल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त बाहेरच्या टोळ्यांतून आलेल्या असाव्यात. पुरुष तिथलेच, बायका आणलेल्या. आई सोफ्यावर जप करत होत्या, माळ थांबवून म्हणाल्या, "मग त्यात नवीन काय? मी ग्वाल्हेरहून आले." आणि माळ पुढे सुरू.

आपल्याकडे असं काही का निघत नाही, मी विचारलं. "ऊन, काकू." एका शब्दात उत्तर. थंड गुहेत डीएनए हजारो वर्षं टिकतं, आपल्याकडच्या उन्हापावसात ते फार लवकर मोडतं. हरियाणातल्या राखीगढीच्या, हडप्पा काळातल्या ६१ नमुन्यांत एकातूनच वाचण्याजोगं निघालं, आणि ती माणसं तर साडेचार हजार वर्षांपूर्वीची, कालपरवाची. मिर्झापूरकडच्या लेखहियाच्या शैलाश्रयात मध्याश्मयुगातली माणसं पुरलेली मिळाली, भीमबेटकाच्या शैलाश्रयांतही. त्यांचे दात, झीज, उंची सगळं मांडून झालंय. आमच्या गुजरातेतलं लांघणज गुहेतलं नव्हे, वाळूच्या टेकाडावरचं. पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी खोदलं आणि तिथल्या सांगाड्यांवर इरावती कर्व्यांनी काम केलं. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेली माणसं. मला सारखं डोळ्यांसमोर येतं, मेहसाण्याच्या त्या वाळूत फूटपट्टी आणि वही घेऊन वाकलेली एक मराठी बाई. माणसांची नाती-गोती, कुळं, कोण कुणाचं, याच्यावर आयुष्य काढलेली बाई. आणि समोर नेमकी अशी माणसं, की ज्यांना ते विचारता येत नाही.

आपण तर हाडं ठेवतच नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हा खासवाडीच्या स्मशानातून अस्थी वेचून आणल्यावर ह्यांनी मला बाजूला घेतलं आणि मूठ उघडली. खालच्या उजव्या बाजूचा तीन दातांचा मेटलचा ब्रिज. मीच केलेला, २००६ साली. बाबा पहिले काही दिवस कुरकुरले होते की उंच लागतोय, म्हणून मी तो दोनदा घासला होता. काळवंडला होता, पण जागच्या जागी होता. चितेतून बाबांचं जे ओळखू येण्यासारखं उरलं ते माझं काम. काय करायचं ते दोघांनाही कळेना. शेवटी अस्थींच्या लोट्यातच ठेवला आणि चांदोदला, जिथं ओरसंग नर्मदेला मिळते आणि सरस्वती गुप्त असते म्हणतात, तिथं नावेतून सोडला. नावाडी पलीकडे बघत होता. पाण्यात टप असा जो आवाज झाला तो हाडांचा नव्हता, हे मला नक्की माहीत आहे.

याच नर्मदेच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, हथनोरा गाव आहे. तिथं काठच्या गोट्यांच्या थरात ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनाकियांना कवटीचा वरचा भाग मिळाला. भारतात सापडलेली सगळ्यात जुनी माणसाची कवटी. चेहरा नाही, जबडा नाही, एक दात नाही. ते चित्र बघताना मला नेहमी हळहळ वाटते, एक दाढ जरी असती! त्यामुळेच चांदोदच्या गाळात बाबांचा ब्रिज आहे या विचारानं मला बरं वाटतं. कधी कुणी उकरलाच तर त्याला वय कळेल, मिश्रधातू कळेल, आणि करणारी जरा उंच ठेवायची हेही कळेल.

त्या आठवड्यात एका दुपारी पेशंट नव्हता. मी फोन केला. जिला मी चौथ्या वर्षी तो संच विकला ती आता सुरतेला असते, तिची दोन क्लिनिकं आहेत. मी किमतीत वीस रुपयांची वाढ करून तिला दिला होता. त्या वीस रुपयांत आम्ही तिघी मैत्रिणी पिक्चरला गेलो होतो. तिला लगेच आठवलं. "ते होय! मी ज्युनियरला चारशेला दिलं," ती अभिमानानं म्हणाली, "तुझ्यापेक्षा फायद्यात. का गं? हवं होतं?" मी म्हटलं, "नाही, सहज." मग आम्ही तिच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोललो.

मुक्ताला प्रत्येक वस्तूमागे एक नोंदपत्र भरायचं असतं. त्याचे कोरे कागद तिच्या टेबलावर पडलेले असतात. रात्री एक घेतला आणि भरायला बसले. वस्तू: खालचा जबडा, अखंड. लिंग: स्त्री, बहुधा. वय: ३५ ते ४०. दात: डावी पहिली दाढ जिवंतपणी गेलेली, खळगा भरलेला. झीज: उजवीकडे अधिक. डाग: मिश्री असावी. विकार: डावीकडे दीर्घकाळ दुखणं. चिन्ह: आतल्या बाजूस काळ्या शाईत ४७. हात सराईतपणे चालला. एवढा वेळ मी कुठल्याही पेशंटची हिस्टरी लिहीत नाही.

रविवारी मुक्ता जबडा परत न्यायच्या तयारीला लागली. कापूस पुरेना, तर आईंनी आतून एका जुन्या पातळाचा मऊ तुकडा आणून दिला. काही बोलल्या नाहीत, ताट घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. कागद आवरताना माझं नोंदपत्र मुक्ताच्या हाताला लागलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचलं.

"काकू, हे तर फारच चांगलं लिहिलंयस. पण स्थळ कोरं सोडलंस. कुठल्या साइटचं?"

"माझ्या पलंगाखालचं," मी म्हटलं.

मुक्ता हसली. आईंनी ताटातून मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.